वरची वाट

रूबेन पेरीनं गाईच्या शेवटच्या सडाला हात घातला आणि त्याच वेळी थेल्मा गीलची सायकल गोठ्याच्या भिंतीवर येऊन आदळली.

"रूबेन! अरे ऊठ, हारो झालाय."

"कुठं?"

"कुठं काय, तुमच्याच शेतात. मार्गरीत मावशी क्लेमच्या ट्रॅक्टरपुढं गुडघे टेकून बसलीय आणि उठायचं नाव नाही."

रूबेननं हात पुसले. गाईनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. थेल्मा कोर्टाची कारकून होती. कोर्टात ती त्याला 'सेनेशाल' म्हणायची आणि कोर्टाबाहेर नावानं हाक मारायची, कारण शाळेत दोघं एकाच बाकावर बसत.

"आणि ती लंडनची बाई?"

"तिथंच आहे. फोटो काढतेय."

तो सेनेशाल झाल्यापासून बेटावर हारो झाला नव्हता. आपल्या हक्कावर कुणी पाय देतंय असं वाटलं, की माणसानं दोन साक्षीदारांसमोर गुडघे टेकायचे आणि हजारेक वर्षांपूर्वी मेलेल्या नॉर्मंडीच्या ड्यूकला मदतीला बोलवायचं. ड्यूक यायचा नाही, पण काम मात्र थांबायचं. कोर्ट बसून निकाल लागेपर्यंत मग कुणी फावडं उचलायचं नाही. कोर्ट म्हणजे शाळेशेजारचं सभागृह आणि न्यायाधीश म्हणजे सेनेशाल, म्हणजे रूबेन. बेटाची सभा भरायची तीही त्याच सभागृहात. तेव्हा अध्यक्ष म्हणून त्याच खुर्चीत रूबेनच बसायचा, आणि कोट त्याच खिळ्याला अडकवायचा. उरलेल्या वेळात तो गाई सांभाळायचा.

शेतात पोचेपर्यंत त्याला धाप लागली. मार्गरीत कारे ओल्या मातीत बसली होती. डोक्याचा रुमाल घसरून मानेवर आला होता. ट्रॅक्टर बंद होता आणि रूबेनचा धाकटा भाऊ क्लेम टोपी हातात घेऊन, चूक नेमकी कुठं झाली हे न कळलेल्या पोरासारखा उभा होता. त्याच्यामागं दोरी ताणून खुंट्या ठोकलेल्या होत्या. पाहुण्यांसाठी तो चार खोल्या बांधणार होता, आणि खोल्यांचा पाया बरोबर वरच्या वाटेवर येत होता. म्हातारीच्या घरातून बंदराच्या रस्त्याला लागायला ती वाट सोयीची होती. कोळशाची गाडी तिथूनच यायची.

"मावशी, उठा आता. हारो ऐकला. काम थांबलं."

"हे तू सेनेशाल म्हणून सांगतोयस, का क्लेमचा भाऊ म्हणून?"

"सेनेशाल म्हणून."

"मग हात दे. गुडघे धरलेत मेले."

रूबेननं तिला उठवलं. ती क्लेमकडं न बघता म्हणाली, "तुझ्या बापानं माझ्या एमसला शब्द दिला होता. वाट तुझी म्हणाला होता. एमस मरेपर्यंत सांगायचा."

"मी वाट बंद करतोय का?" क्लेम म्हणाला. "खालची वाट आहे ना. झाडोरा काढून देतो, खडी टाकून देतो. आणखी काय करू?"

"खालची वाट! हिवाळ्यात तिथून बदकं जातात."

जमलेल्यांतलं कुणीतरी हसलं. क्लेमचे कान लाल झाले. त्यानं रूबेनच्या जवळ येऊन हळूच विचारलं, "तूच बसशील ना?"

"मीच बसणार. दुसरं कोण बसणार?"

परतीच्या रस्त्यावर लंडनची बाई त्याच्या बरोबरीनं चालू लागली. तिचं नाव इमोजेन ट्रँटर. वय पस्तिशीच्या आसपास, आणि पायांत गावातल्या दुकानातून घेतलेले नवे गमबूट. लॉर्ड चॅन्सेलरच्या खात्यानं, म्हणजे न्यायालयं आणि राज्यघटनेचा कारभार बघणाऱ्या खात्यानं तिला आठवड्यासाठी धाडलं होतं. बेटाचा न्यायाधीश आणि सभेचा अध्यक्ष एकच माणूस असावा की नसावा, एवढंच तिला बघायचं होतं. आल्यापासून ती सगळ्यांच्या स्वयंपाकघरांत बसून चहा पीत होती आणि सगळे तिला रूबेन किती चांगला आहे ते सांगत होते.

"मिस्टर पेरी, हा खटला तुम्ही ऐकणार? तुमच्या सख्ख्या भावाचा?"

"नाहीतर उपसेनेशाल ओगिअर ऐकेल. त्याची बायको आमची चुलतबहीण. आमच्याकडं नात्यात नसलेला माणूस म्हणजे डॉक्टर. आणि त्याला फार दिवस ठेवला की तोही कुणाचातरी जावई होतो."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मीही नाही." रूबेन थांबला. "मला सांगा, तुमचा साहेब, तो लॉर्ड चॅन्सेलर, देशाचा सर्वांत मोठा न्यायाधीश. बरोबर? मंत्रिमंडळात मंत्रीही तोच. आणि वरच्या सभागृहात लोकरीच्या गादीवर बसून अध्यक्षपणाही तोच करतो. तीन खुर्च्यांवर बसणारा माणूस आमच्या दोन मोजायला तुम्हाला पाठवतो, आणि तुम्हाला हसू येत नाही?"

तिला हसू आलं. "हे मला बोटीवर दोरी बांधणाऱ्यानंही ऐकवलं."

"मग?"

"मग मी लिहून घेतलं," ती म्हणाली.

कोर्ट शुक्रवारी बसणार होतं. मधले दिवस रूबेनला धड काही सुचेना. कुंपणाचा खांब ठोकताना त्यानं अंगठ्यावर हातोडा मारून घेतला. दुपारी घरात शिरला आणि कशाला आलो ते न आठवून परत बाहेर गेला. मातीच्या भांड्यात घेवडा आणि डुकराचा पाय शिजत ठेवला होता, तो तळाला लागला. जेवायला बसला तर एक पाय टेबलाखाली सारखा हलत राहिला, इतका की पाण्याचा पेला थरथरायला लागला.

मार्गरीत म्हणत होती ते खरं होतं. बापानं शब्द दिला होता आणि रूबेननं तो ऐकला होता. तो तेव्हा चौदाचा असेल. आदल्याच आठवड्यात मार्गरीतच्या नवऱ्यानं, एमस कारेनं, त्यांच्या बापाला, बोट खडकावर फुटल्यावर, पाण्यातून ओढून काढलं होतं. मग बापानं एमसला शेतात बोलावून घेतलं आणि हात लांब करून म्हणाला, "ही वाट तुझी. तू आणि तुझी बायको आहात तोवर कुणी अडवायचं नाही." तिथं रूबेन होता आणि क्लेमही होता. आता त्या चौघांपैकी दोघं भाऊच उरले होते.

कुठं लिहिलेलं काही नव्हतं. आणि कायदा रूबेनला पाठ होता. कुणी जाऊ दिलं म्हणून माणूस कितीही वर्षं एका वाटेनं गेला, तरी तेवढ्यानं ती त्याची होत नाही. शब्द दिला होता हे सिद्ध करायला साक्षीदार लागतो. मार्गरीतकडं तो नव्हता. खुर्चीवर बसून समोर आलेलं तेवढंच बघायचं म्हटलं, तर क्लेम जिंकत होता. आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाला जे माहीत होतं, ते खुर्चीवरून बोलता येत नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी क्लेम आला. हातात उकडलेला खेकडा, कागदात गुंडाळलेला.

"खाल्लंस का काही? वास कसला येतोय?"

"घेवडा लागलाय. ठेव तिथं."

क्लेमनं खेकडा ठेवला, पण तो बसला नाही. खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "रूबेन, बाबांनी त्या दिवशी एमसला—"

"एक शब्द नको."

"अरे, पण मी फक्त—"

"क्लेम, मी सेनेशाल आहे. खटल्यातल्या एकाचं ऐकून दुसऱ्याच्या मागं निकाल द्यायचा नसतो. शुक्रवारपर्यंत तू मला ओळखत नाहीस."

"खेकडा तरी चालतो का?"

"तोही घेऊन जा."

क्लेमनं खेकडा उचलला. दारात एकदा थांबला, पाठमोराच, आणि गेला. रूबेनला वाटलं, बरं झालं. बोलू दिलं असतं तर क्लेमनं गयावया केली असती. म्हणाला असता, ती गोष्ट तुला नि मलाच माहीत आहे, राहू दे आपल्यातच. मग भावाला भाऊ म्हणून तोंड दाखवायची सोय उरली नसती. तरीही त्या रात्री त्याला झोप लागली नाही ती नाहीच.

शुक्रवारी सकाळी तो दूध गाळत असताना इमोजेन ट्रँटर गोठ्यात आली. चेहरा उतरला होता, पण ओठांवर विचित्र हसू होतं.

"मिस्टर पेरी, तुम्ही काल बातम्या ऐकल्या?"

"आमच्या रेडिओवर फ्रान्स लागतं."

"आमचं खातं बंद झालं."

रूबेननं गाळणी बाजूला ठेवली. "बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे नाहीच. काल दुपारी पंतप्रधानांनी मंत्रिमंडळ बदललं, आणि त्यात खातंही गेलं. त्याच्या जागी नव्या नावाचं दुसरं आलं. लॉर्ड चॅन्सेलर हे पदच काढून टाकणार म्हणे. मी खानावळीच्या टीव्हीवर पाहिलं. ऑफिसात फोन केला, तर त्यांनीही टीव्हीवरच पाहिलं होतं."

"तीन खुर्च्या?"

"तिन्ही वेगळ्या करायच्यात." ती दुधाच्या कॅनवर टेकली. "आता मला इथं नेमकं कुणी पाठवलंय, हे फोनवर कुणी सांगू शकलं नाही. माझा अहवाल कुणाला द्यायचा, तेही नाही. माझी बोट उद्या सकाळची आहे. तोवर मी इथं आहे ती तुमची पाहुणी म्हणून, असं समजा. आज कोर्टात कोण बसतं याच्याशी लंडनला आता काही देणंघेणं नाही. तुम्हाला हे सांगायला हवं असं वाटलं."

रूबेननं दूध पुन्हा ओतायला घेतलं. थोडं बाहेर सांडलं.

"आभारी आहे," तो म्हणाला. आणि सांडलेलं पुसून, "कॅनवरून उठा. तो डगमगतो."

सभागृह भरलं होतं. बसायला जागा न मिळालेले खिडक्यांशी उभे होते. मार्गरीत काळा कोट घालून पुढच्या बाकावर, क्लेम दुसऱ्या बाजूला, दाढी करून, मानेवर कापल्याचा ठिपका. इमोजेन मागं दारापाशी. थेल्मानं सगळ्यांना उभं राहायला सांगितलं आणि रूबेन येऊन खुर्चीवर बसला. समोर लाकडी टेबल, त्यावर बायबल. त्यानं दोन्ही तळहात टेबलावर ठेवले.

थेल्मानं हारोची नोंद वाचून दाखवली. मार्गरीतनं आपलं म्हणणं मांडलं. एमस काय सांगायचा ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "माझ्याकडं कागद नाही. एमसकडंही नव्हता. आमच्यात कागद करत नसत."

"साक्षीदार?" रूबेननं विचारलं. विचारायचंच होतं.

"मेले सगळे," ती म्हणाली.

रूबेननं टेबलावरचे हात उचलले. मग उठला आणि खुर्ची हातानं मागं सरकवली. तिचा फरशीवर कर्कश आवाज झाला.

"या खटल्यात मला एक गोष्ट ठाऊक आहे," तो म्हणाला. "ती इथं बसून सांगता येत नाही. मिस्टर ओगिअर, इथं या."

ऑब्री ओगिअर बेकरीवाला होता. उपसेनेशाल म्हणून त्याच्यावर आजवर कुत्र्यांच्या दंडापलीकडं काही आलं नव्हतं. तो कोटाची बटणं लावत पुढं आला आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकला. रूबेन टेबलाला वळसा घालून समोर येऊन उभा राहिला. एवढंच अंतर, पण तिथून सभागृह त्याला वेगळंच दिसलं. खिडक्या उंच वाटल्या. थेल्मानं बायबल पुढं केलं. त्यानं शपथ घेतली.

मग त्यानं सांगितलं. बोट फुटली ते, एमसनं बापाला वाचवलं ते, आणि बाप शेतात काय म्हणाला ते.

"ही वाट तुझी म्हणाला. आणि वरच्या वाटेकडं हात केला. मी शेजारीच उभा होतो."

ऑब्री ओगिअरनं घसा साफ केला. "वरच्या वाटेकडं."

"हो."

"आभार. बसा, सेनेशाल." मग क्लेमकडं वळून, "मिस्टर क्लेमेंट पेरी, साक्षीदाराला काही विचारायचंय?"

क्लेम उभा राहिला. त्यानं रूबेनकडं पाहिलं, इतका वेळ की मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली. रूबेननं नजर हलवली नाही. भाऊ चिडेल, आरडाओरडा करेल, सगळ्याची त्यानं तयारी ठेवली होती.

"नाही," क्लेम म्हणाला आणि खाली बसला.

निकाल द्यायला ओगिअरला फार वेळ लागला नाही. हारो योग्य. वाट मार्गरीत कारेची, तिच्या हयातीपर्यंत. खुंट्या काढायच्या. लोक उठले, बोलू लागले. मार्गरीत रूबेनपाशी आली, त्याच्या कोटाची बाही धरली आणि नुसती धरून राहिली. बाहेर पडताना माणसं त्याच्यासाठी बाजूला होत होती, चर्चमध्ये होतात तशी.

संध्याकाळी तो भावाकडं निघाला होता, पण क्लेम त्याला शेतातच भेटला. खुंट्या उपटून त्यानं एका बाजूला रचल्या होत्या आणि दोरी कोपरावर गुंडाळत होता.

"उद्या काढल्या असत्यास तरी चाललं असतं," रूबेन म्हणाला.

"उद्या पाऊस आहे."

रूबेननं एक खुंटी उचलली, ढिगावर ठेवली. "क्लेम, मला दुसरा मार्ग नव्हता. ऐकलं ते ऐकलं. तू माझ्या जागी असतास तर—"

"माहीत आहे."

"मग रागावला आहेस का?"

क्लेमनं दोरीचं वेटोळं खाली ठेवलं आणि ढिगावरच बसला. "रूबेन, ते वासरू आठवतं तुला?"

"कुठलं वासरू?"

"त्या दिवशी तुझ्या हातात वासरू होतं. तपकिरी. तू त्याला पाण्यावर आणलं होतंस. मी फाटकावर बसलो होतो, खालच्या. बाबा आणि एमस आपल्यापुढं उभे होते." तो साध्या आवाजात बोलत होता, कालच्या हवेबद्दल बोलावं तसा. "पाणी खालीच आहे ना. वासरू घेऊन तू वर कशाला जाशील?"

रूबेननं खालच्या फाटकाकडं पाहिलं.

"बाबा खालच्या वाटेबद्दल बोलत होते. तेव्हा तिथं चिखल नव्हता, ओढा दुसरीकडून जायचा. एमसची बोट खालीच लागायची. वरची वाट ती लोकं नंतर वापरायला लागली, खालची बुजली तेव्हा. कुणी अडवलं नाही, एवढंच."

"कोर्टात का नाही बोललास?"

"काय बोलू?" क्लेम पहिल्यांदा जोरात बोलला. "तू खुर्चीवरून उठून आलास. सगळं बेट तोंडावर हात ठेवून बघत होतं, सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष द्यायला सेनेशाल खाली उतरला म्हणून. आणि मी उठून म्हणू, आमचा रूबेन विसरलाय? विश्वास कुणी ठेवला असता? ओगिअरनं तुला एक प्रश्न तरी विचारला का? 'बसा, सेनेशाल' म्हणाला तो. साक्षीदाराला, रूबेन. तू खाली उतरलास, पण तुझी खुर्ची तुझ्याबरोबरच खाली आली."

"आधी सांगायचंस."

"आलो होतो की. खेकडा घेऊन."

वारा पडला होता. खालच्या बाजूनं ओढ्याचा बारीक आवाज येत होता. रूबेननं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. वासरू त्याला आठवत नव्हतं. इतक्या वर्षांत कधीच आठवलं नव्हतं. पण क्लेमनं नाव काढल्यावर तळहातावर दोरी जाणवू लागली होती. ओली, खरखरीत आणि सारखी ओढ घेणारी. आता ही आठवण त्याची होती, की क्लेमनं आत्ताच हातात दिलेली, हे त्याला सांगता येईना. क्लेम खोटं बोलत असेल का? पण खोटं कशासाठी बोलेल? निकाल लागला होता. खुंट्या निघाल्या होत्या.

"तुला पक्कं आठवतं?" त्यानं विचारलं.

"तुला पक्कं आठवत होतं ना?" क्लेम म्हणाला. मग उठला आणि त्याच्या खांद्यावर हलकेच हात मारला. "जाऊ दे. म्हातारीला कोळसा मिळेल. मी खोल्या पलीकडं बांधीन. तिथं समुद्र दिसत नाही, एवढंच. चल, हात लाव, एवढ्या गाडीत टाकू."

दोघांनी मिळून खुंट्या गाडीत टाकल्या. घरी येऊन रूबेननं दिवा लावला नाही. उभा राहिला, बसला, परत उभा राहिला. डोळे मिटले की बापाचा हात दिसायचा, लांब केलेला. पण हातामागं शेत दिसत नव्हतं. वर की खाली, काही दिसत नव्हतं. नुसता हात, बाहीला चिकटलेला खवला आणि एमसचं हसू.

शनिवारी सकाळी पाऊस आलाच. धक्क्यावर बोट लागली होती आणि माल उतरत होता. इमोजेन ट्रँटर छपराखाली उभी होती, तिची बॅग हमालाच्या ढकलगाडीवर. रूबेन उतारावरून येताना दिसला तसा तिनं हात वर केला.

"मला वाटलं नव्हतं तुम्ही याल."

"पाहुण्याला सोडायला यावं लागतं."

"काल संध्याकाळी ऑफिसातून फोन आला." ती हसली. "इमारत तीच, मजला तोच, माझं टेबल तेच. सोमवारी दारावरची पाटी तेवढी बदललेली असेल. आणि अहवाल हवाय म्हणे. कुणाला ते ठरलं नाही, पण हवाय."

"काय लिहिणार?"

"इथं आले तेव्हा एकच वाक्य ठरवून आले होते. एका माणसानं दोन्ही जागी बसू नये. ते मी लिहीनच." तिनं पावसाकडं पाहिलं. "पण कालचंही लिहीन. खरं सांगते, मिस्टर पेरी, मी एवढी कोर्टं पाहिली, पण इतकं स्वच्छ काही पाहिलं नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला. उलट मी येऊन सांगितलं होतं की कुणी बघत नाहीये. तरी तुम्ही उतरलात. नव्या लोकांना हे वाचायला मिळालं पाहिजे."

बोटीवरून दोरीवाल्यानं हाक दिली. हमालानं ढकलगाडीचे दांडे उचलले. इमोजेननं हात पुढं केला. रूबेननं तो हातात घेतला आणि सोडला नाही.

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि कोटाची बटणं एक घर चुकून लागली होती.

"काही म्हणायचं होतं?"

बोटीचा भोंगा वाजला. वर टेकडीच्या कडेनं कुणाचा तरी ट्रॅक्टर घुरघुरत गेला. रूबेननं तिचा हात सोडला, गाडीकडं गेला आणि तिची बॅग उचलून छपराखाली, कोरड्या जागी ठेवली.

"पुढची बोट दुपारी आहे," तो म्हणाला. "तिनं जा. कालचं अजून लिहू नका."